दोन फुटी भिंतींच्या वाड्यात राउटर बसवताना

वाईच्या आमच्या वाड्यात ओसरी आणि माजघर यांच्यामधली भिंत दोन फूट तीन इंच जाड आहे. लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षे झाली आणि त्या भिंतीतल्या दारातून दिवसाकाठी पन्नासदा माझी ये-जा होते, पण तिची जाडी टेप लावून मोजण्याची वेळ मागच्या वर्षी मे महिन्यात आली, कारण तिच्यातून तार न्यायची होती. खाली काळा दगड, वर विटा, मध्ये माती आणि दोन्ही अंगांना चुन्याचा गिलावा अशी ही भिंत उन्हाळ्यात घर गार ठेवते. वायफायच्या लहरी मात्र तिच्यात शिरल्या की पलीकडे निघेपर्यंत पार क्षीण होतात.

मी भाषांतराचे काम करते आणि ते माडीवर बसून करते. मजकूर पुण्यातल्या एका संस्थेच्या सर्व्हरवर असतो. वाक्य पुरे झाले की ते तिकडे साठवले जाते आणि मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा लिहावे लागते. माझी लेक दहावीत आहे, तिचा संध्याकाळचा गणिताचा तास माजघरात बसून ऑनलाइन चालतो. सासूबाई स्वयंपाकघरातल्या चौरंगावर बसून मस्कतला असलेल्या माझ्या नणंदेशी रोज रात्री व्हिडिओवर बोलतात. आमच्या तिघींची तक्रार एकाच शब्दात असे, ‘नेट गेलं’. हा एकच शब्द निदान पाच वेगवेगळ्या दुखण्यांसाठी आपण वापरत होतो, हे पुढच्या तीन महिन्यांत एकेक दुखणे हाती लागत गेले तसे मला कळत गेले.

आमच्याकडे गावातल्या केबलचालकाची फायबरची जोडणी आहे. रस्त्यावरच्या खांबावरून आलेली बारीक काळी तार ओसरीच्या खिडकीतून आत येते आणि तिथे भिंतीवर लावलेल्या एका पांढऱ्या पेटीत शिरते. ही पेटी तीन कामे करते. तारेतून आलेल्या प्रकाशाचे ती विद्युत संकेतांत रूपांतर करते, घरातल्या सगळ्या उपकरणांना अंतर्गत पत्ते देऊन त्यांची ये-जा सांभाळते (हेच राउटरचे काम), आणि वरून वायफायही पुरवते. तिन्ही कामे एकाच डब्यात असल्यामुळे कोणते काम बिघडले हे बाहेरून समजत नाही, आणि म्हणून आम्ही प्रत्येक वेळी पेटी बंद करून चालू करत होतो.

पुण्यात शिकणाऱ्या मुलाने फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, काहीही विकत घेण्याआधी ओसरीत लॅपटॉप नेऊन तो तारेने पेटीला जोडायचा आणि वेग मोजायचा. आमची योजना २०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिटची आहे. वेग आला ९४. पाच वेळा मोजला तरी ९३ ते ९४ च्या पलीकडे जाईना. केबलवाले कमी वेग देतात असेच मी समजले असते, पण मुलगा म्हणाला, “आई, ९४ आला म्हणजे चूक त्यांची नाही, मधल्या तारेची आहे.” त्याचे कारण त्याने समजावले तेव्हा ते पक्के डोक्यात बसले. या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, १,००० च्या जोडणीला मात्र चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार जरी तुटली तरी दोन्ही टोकांची उपकरणे कसलाही बोभाटा न करता १०० वर उतरतात, आणि त्या शंभरातून माहितीच्या पाकिटांवरच्या पत्त्यांचा खर्च वजा जाता हातात साधारण ९४ उरतात. आमची तार वर्षानुवर्षे लोखंडी कपाटाच्या पायाखाली दबलेली होती. ती बदलली आणि पुढच्या मोजणीत १९३ आले. एक दुखणे पेटीच्या बाहेरच बरे झाले.

माडीवरची अडचण मात्र होती तशीच राहिली. मग मी जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर वाड्याचा नकाशा काढला आणि फोनमधल्या एका मोफत अ‍ॅपने प्रत्येक खोलीत वायफायची ताकद मोजून त्यावर आकडे लिहिले. हे आकडे डीबीएम या मापात आणि ऋण असतात. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ६७ पर्यंत व्हिडिओवरचे बोलणे नीट चालते, उणे ८० च्या खाली गेले की भरवसा राहत नाही. ओसरीत उणे ३९ होते, भिंतीपलीकडे माजघरात उणे ६२, स्वयंपाकघरात उणे ७७ आणि माडीवर माझ्या मेजापाशी उणे ८४. या मापात दहाचा फरक म्हणजे ताकद एक दशांश होणे, म्हणून ओसरीतून माजघरात येताना पडलेला तेविसाचा फरक म्हणजे लहरींची ताकद दोनशे पटीने घटणे होय. हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे आकडे आहेत. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगाने सरस असला तरी भिंती भेदण्यात दुबळा आहे, आणि तो माजघराच्या दारातच कसाबसा दिसे, स्वयंपाकघरात तर नावही दिसत नव्हते. नकाशाकडे पाहिल्यावर प्रश्न वेगाचा नसून दोन भिंतींचा आहे हे उघड झाले.

दुकानदाराने रिपीटर सुचवला. रिपीटर भिंतीपलीकडे ठेवला की तो तिथला क्षीण संकेत घेऊन पुन्हा फेकतो. पण त्याच्यापर्यंत येणारी जोडणीच क्षीण असली तर पुढेही वेग कमीच मिळणार, शिवाय एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करायचे असल्याने त्याचा वेग निम्म्यावर येतो. दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय पुरवणाऱ्या मेश संचाचेही मन झाले होते, परंतु ते डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर भिंत त्यांच्याही वाटेत उभी आहेच. तेव्हा भिंतीतून तार न्यायची आणि भिंतीच्या आत नवा राउटर ठेवायचा, असे ठरले. वायफाय-६ चा, तार जोडण्याची सगळी पोर्ट गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसची, असलेला, १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा एक मध्यम किमतीचा राउटर मी घेतला. अ‍ॅडॅप्टरचा व्होल्टेज मी आधी का पाहिला, ते पुढे येईल.

तार घेताना एक सावधगिरी बाळगावी लागली. बाजारात कॅट-६ या दर्जाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त तारांत पुष्कळदा तांब्याचा नुसता मुलामा असतो आणि आत अ‍ॅल्युमिनियम. ती तार दोनदा वाकवली की तुटते. मी दुकानातच एका तुकड्याची एक बारीक तार सुरीने खरवडून पाहिली. आतून पांढरट दिसली म्हणून परत केली आणि दुसऱ्या दुकानातून आतपर्यंत तांबडी असलेली तीस मीटर आणली. ओसरी ते माजघर अकरा मीटर आणि माजघर ते माडी चौदा मीटर, म्हणजे या तारेच्या शंभर मीटरच्या मर्यादेच्या पुष्कळच आत.

भिंतीसाठी आमच्या ओळखीचे एक वयस्कर गवंडी आले. त्यांनी ड्रिल बाजूला ठेवले आणि आधी बोटांच्या मागच्या बाजूने गिलाव्यावर टिचक्या मारत आवाज ऐकत राहिले. “वहिनी, दगडात मारायचं न्हाई. दरज सापडली की काम आपसूक हुतंय,” ते म्हणाले. दोन दगडांमधली मातीची दरज त्यांना जमिनीपासून वीतभर उंचीवर सापडली. दाराच्या चौकटीपासून दोन्ही बाजूंनी सारखे अंतर मोजून त्यांनी आधी ओसरीकडून आणि मग माजघराकडून भोक पाडले, आणि बारीक सळई घातली तेव्हा ती एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघाली. आतून भुरभुर गळणारी पिवळसर माती दीडशे वर्षांत प्रथमच उजेडात येत असावी. तार थेट त्या मातीत न ठेवता मी पाऊण इंची पीव्हीसी नळी बसवून घेतली, म्हणजे पुढे आणखी एखादी तार न्यायची झाली तर भिंतीला पुन्हा हात लावायला नको. विजेच्या तारांपासून दूर राहील अशी केसिंग पट्टी वायरमनने लावून दिली.

टोकांना जोडण्या बसवण्याचे काम मी स्वतः केले आणि त्यातच सगळ्यात मोठी चूकही केली. वरचे आवरण इंचभर सोलले की चार रंगीत जोड्या दिसतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी; प्रत्येकीत एक भरीव रंगाची तार आणि एक त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. मी त्या जोड्या ओळीने शेजारी-शेजारी लावल्या, दोन्ही टोकांना अगदी सारख्या. टेस्टर लावला तर आठही दिवे क्रमाने लागले. म्हणून मी निर्धास्त झाले. पण जोडणी धड टिकेना, कधी १०० वर उतरे, कधी मिनिटभर तुटे, आणि नवा राउटरच सदोष आहे असे वाटून मी तो परत करायच्या बेतात होते.

मुलाला टोकाचा फोटो पाठवला तेव्हा त्याने तो बघताच सांगितले की हिरवी जोडी एकत्र ठेवायची नसते. प्रमाण क्रम असा आहे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी जातात आणि निळी जोडी त्यांच्या पोटात बसते. उपकरण तिसऱ्या आणि सहाव्या जागेकडे एक जोडी म्हणून पाहते. त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नसतील तर शेजारच्या जोडीतला संकेत त्यांच्यात झिरपतो. टेस्टर फक्त तार अखंड आहे की नाही एवढेच सांगतो, पीळ कोणाचा कोणाशी आहे हे त्याला समजत नाही. दोन्ही टोके कापून मी पुन्हा केली. तारा सरळ करून, अंगठा आणि तर्जनीत चपट्या धरून, एका रेषेत कापून पारदर्शक जोडणीत सरकवल्या, आणि समोरून भिंगाने पाहिले तेव्हा तांब्याचे आठ ठिपके एका ओळीत काचेला टेकलेले दिसावेत तसे दिसले. मग क्रिंपिंगचा चिमटा दाबला. त्या दिवसापासून ही तार १,००० वरून खाली आलेली नाही.

आता राउटर चालू करायचा होता. नवा राउटर पेटीला जसाच्या तसा जोडला तर दोन राउटर एकामागे एक होतात, दोन्ही आपापले पत्ते वाटतात, आणि ओसरीतला प्रिंटर माजघरातल्या लॅपटॉपला दिसत नाही. पहिले दोन दिवस तसेच झाले. त्यावर उपाय म्हणून पेटीला ब्रिज करून घ्यायचे ठरवले. ब्रिज म्हणजे पेटीने प्रकाशाचे विजेत रूपांतर करण्यापुरते काम करावे आणि बाकीचा कारभार नव्या राउटरकडे सोपवावा. केबलचालकाकडचा मुलगा आला आणि थोडा बिचकला. “वहिनी, युजर-पासवर्ड इथं कुणी मागत न्हाई. काय बंद पडलं तर मला बोलू नका.” मी त्याला वाड्याचा नकाशा आणि त्यावरचे आकडे दाखवले. तो नकाशा त्याने बराच वेळ पाहिला, फोटो काढून घेतला, आणि मग जोडणीचे नाव, सांकेतिक शब्द आणि व्हीलॅनचा (एकाच तारेतल्या वेगळ्या आभासी वाटेचा) क्रमांक माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिला.

एवढे करूनही नवा राउटर जोडणी घेईना. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच एक मॅक क्रमांक मिळालेला असतो आणि आमचे खाते जुन्या पेटीच्या क्रमांकाशी बांधलेले होते; त्यामुळे नाव आणि सांकेतिक शब्द बरोबर असूनही पलीकडची यंत्रणा नव्या राउटरला ओळखत नव्हती. त्या मुलाने कार्यालयात फोन करून जुनी नोंद पुसायला लावली आणि अर्ध्या मिनिटात हिरवा दिवा लागला. त्यानंतर आणखी एक बारीक अडचण आली: बहुतेक संकेतस्थळे उघडत, पण बँकेचे पान आणि सर्व्हरवर मजकूर चढवण्याचे पान अर्ध्यात अडकत. मी एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतील, या रकान्यात १५०० लिहिले होते. आमची जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे नाव आणि सांकेतिक शब्द देऊन घ्यायची आहे, आणि त्या पद्धतीत प्रत्येक पाकिटातले आठ बाइट स्वतःसाठी राखून ठेवले जातात, म्हणून तिथे १४९२ हवे. आकडा बदलताच दोन्ही पाने उघडली.

माडीसाठी नवीन काही घेतले नाही. २०२० मध्ये घेतलेला एक जुना राउटर कपाटात पडून होता. तो नव्या राउटरला तारेने जोडून त्याच्याकडून केवळ वायफायचे काम करून घ्यायचे होते. मी तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या पोर्टमध्ये जोडली आणि माडीवर सुरेख संकेत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरातल्या लेकीच्या फोनवर मात्र ‘जोडलेले, इंटरनेट नाही’ असे दिसू लागले. थोड्या वेळाने तिचा फोन बरा झाला आणि सासूबाईंचा बंद पडला. वायफायची ताकद तर भरपूर होती, म्हणून मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला मिळालेला पत्ता पाहिला. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ आहे, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू व्हायला हवेत. बंद पडलेल्या फोनचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता. म्हणजे जुना राउटरही पत्ते वाटत होता, ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता फोन घेत होता, आणि जुन्याकडून पत्ता घेतलेला फोन बाहेर जाण्यासाठी त्याच्याच दाराशी जात होता, जिथे बाहेरची वाटच नव्हती. दोष माडीवर, फोन बंद पडतो माजघरात. हे कोडे सुटल्याचा आनंद मला एखादा अवघड शब्द सापडल्यासारखा झाला. जुन्या राउटरमधले डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद केले, त्याला १९२.१६८.०.२ हा पत्ता दिला, आणि नव्याला ५० ते २०० एवढेच क्रमांक वाटायला सांगितले. या तीन गोष्टी तार जोडण्याच्या आधी करायच्या असतात.

चॅनेलची निवड करताना मी पुन्हा फोन घेऊन फिरले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे आपल्याकडे तेरा चॅनेल, म्हणजे छोटे भाग, आहेत, पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढलेले असतात आणि एकमेकांना न छेडणारे १, ६ आणि ११ हे तीनच. आमच्या आळीतली बहुतेक वायफाय ६ वर होती, म्हणून माजघराला १ आणि माडीला ११ दिला, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवली, आणि ओसरीतल्या पेटीचे वायफाय बंदच केले. ५ गिगाहर्ट्झमध्ये नव्या राउटरने १०० ते १४० असेही चॅनेल दाखवले, जे जुन्यात नव्हते. भारतात तो भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. तिथे गर्दी मुळीच नसते, पण त्या लहरी रडारही वापरतात, म्हणून राउटरला आधी मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो आणि मधेच रडार आढळले तर जागा सोडावी लागते. कामाच्या मध्ये तसे व्हायला नको म्हणून मी माजघरात ३६ आणि माडीवर १४९ निवडले.

सांकेतिक शब्दांच्या बाबतीत मी कोणाचे काही ऐकले नाही. राउटरच्या सेटिंगचा सांकेतिक शब्द आणि वायफायचा सांकेतिक शब्द वेगवेगळे आहेत, आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद आहे. बटण दाबून किंवा आठ आकडी क्रमांक टाकून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोयही बंद केली. तिच्या आठ आकडी क्रमांकाची तपासणी दोन तुकड्यांत होते, त्यामुळे कोट्यवधीऐवजी सुमारे अकरा हजार प्रयत्नांत तो काढता येतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. वायफायची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीची ठेवली तर प्रिंटर जोडला जाईना, म्हणून डब्ल्यूपीए-२ आणि ३ अशी मिश्र ठेवली. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय केले, त्यावरून घरातला प्रिंटर किंवा लॅपटॉप दिसत नाही. कृष्णाबाईच्या उत्सवाला आणि रंगपंचमीला बावधनचे बगाड पाहायला आमच्याकडे वीस-वीस माणसे येतात. यंदा देवळीजवळ क्यूआर कोड छापलेला कागद लावला होता आणि कोणालाही घरचा सांकेतिक शब्द सांगावा लागला नाही.

आता अ‍ॅडॅप्टरचे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, आणि विजेबरोबर नेट जाते हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. वस्तुतः फायबरच्या जाळ्यात केबलचालकाचे केंद्र आणि आपले घर यांच्यामध्ये विजेवर चालणारे काही नसते. खांबावरच्या डब्यात प्रकाश वाटून देणारे काचेचे विभाजक असतात, त्यांना वीज लागत नाही. केंद्रावर जनित्र असेल तर प्रकाश आपल्या ओसरीपर्यंत येतच असतो, बंद असतात त्या आपल्याच पेट्या. म्हणून १२ व्होल्टचे दोन छोटे यूपीएस आणले, एक पेटीला आणि एक नव्या राउटरला. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे अँपिअर आणि पिनेच्या मधल्या टोकाचे धन-ऋण चिन्ह जुळवून पाहिले. जुलैत एका रात्री चार तास वीज नव्हती. त्यातले अडीच तास नेट चालले आणि कंदिलाच्या उजेडात सासूबाईंनी मस्कतला वाईतला पाऊस दाखवला.

ऑगस्टमध्ये मात्र पेटीवर लाल दिवा लागला. पूर्वी मी राउटर बंद-चालू करत बसले असते. आता आधी वही काढली. मे महिन्यात पेटीच्या पानावर प्रकाशाची ताकद उणे २१ डीबीएम होती, ती मी लिहून ठेवली होती. आमच्यासारख्या जोडणीत उणे २७ च्या खाली गेले की पेटीला दिसेनासे होते. केबलचालकाच्या मुलाला फोन करून एवढेच सांगितले, “दादा, लाल दिवा आहे, मे महिन्यात उणे एकवीस होते.” तो प्रकाशमापक घेऊनच आला. खिडकीपाशी त्याने मोजले तर उणे ३१. माकडांनी पन्हाळीवरून उड्या मारताना तार ओढली होती आणि खिडकीच्या कोपऱ्यात ती काटकोनात मुडपली होती. काचेचा तंतू असा मुडपला की प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो. त्याने ओसरीच्या पायरीवर बसून तार कापली, केसाएवढा तंतू उघडा केला, स्पिरिटने पुसला, कटरने सरळ छेदला आणि तंतू सांधणाऱ्या स्प्लायसिंग यंत्राच्या दोन खाचांत दोन टोके ठेवली. यंत्राच्या छोट्या पडद्यावर ती टोके दोन जाड खांबांसारखी दिसत होती. ती जवळ आली, क्षणभर ठिणगी चमकली आणि मधली रेघ नाहीशी झाली. त्याने पुन्हा मोजले: उणे २०. “वहिनी, आधीपेक्षा एक चांगला आला,” तो म्हणाला, आणि मी तारखेसह तो आकडा वहीत लिहिला.

एक गोष्ट जमली नाही. पुण्याला गेले असताना माडीवरच्या संगणकातली फाइल तिथून उघडता यावी अशी माझी इच्छा होती, पण आमच्या राउटरला बाहेरून मिळणारा पत्ता १०० ने सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असतो, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता आम्ही अनेक घरे मिळून वापरतो. अशा पत्त्यावर बाहेरून कोणाला आमच्या दारापर्यंत येता येत नाही. स्वतंत्र पत्त्याला केबलचालक दरमहा वेगळे पैसे मागतो, आणि तूर्त मी ते दिलेले नाहीत.

नकाशावर आता दुसऱ्या रंगाच्या शाईने नवे आकडे आहेत: माजघरात उणे ३६, स्वयंपाकघरात उणे ५५, माडीवर माझ्या मेजापाशी उणे ४१. परसदारी विहिरीजवळ अजून उणे ८२ आहे. तिथे सासूबाई संध्याकाळी फुले काढायला जातात आणि नणंदेला अबोली दाखवायची म्हणतात, पण भिंतीबाहेरची तार उन्हापावसात टिकणारी हवी आणि ती पाऊस सरल्याशिवाय टाकता येणार नाही. पाऊण इंची नळीत दुसऱ्या तारेपुरती जागा आहे.